संजीवनीने निवडलेला कॅम

सिंगापूरला येऊन संजीवनी मगदूमला बरीच वर्षं झाली, पण रागावली की अजूनही तिच्या बोलण्यात कोल्हापूर उतरतं. एरवी ती नवऱ्याच्या पुणेरी मराठीशी जुळवून घेते, ऑफिसात इंग्रजी बोलते, बिशानला घराजवळच्या फूड कोर्टातल्या आंटीशी त्या आंटीच्याच इंग्रजीत बोलते. पण डोकं फिरलं की ‘काय लावलंय हे तुम्ही?’ असं सरळ तोंडातून बाहेर पडतं. आणि तिचं डोकं बहुतेक वेळा एकाच गोष्टीने फिरतं. एखादी गोष्ट तिला नीट माहीत असते, ती नीट समजावून सांगते, समोरचा माणूस मान डोलावतो, आणि मग त्याला जे करायचं असतं तेच करतो.

याची सुरुवात लहानपणीच झाली होती. कोल्हापूरला उद्यमनगरात तिच्या वडिलांचं इंजिन दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. शाळा सुटली की ती तिथेच. इतर मुली वेण्या घालायच्या वयात ही व्हॉल्व्ह घासत बसायची. गिऱ्हाईक यायचं, इंजिनाची तक्रार सांगायचं, ही अचूक उत्तर द्यायची. गिऱ्हाईक ऐकून घ्यायचं आणि म्हणायचं, ‘बरं बरं. आप्पा कधी येणार?’ मग आप्पा यायचे, तेच उत्तर द्यायचे, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. आप्पा हसायचे. संजीवनीला कधी हसू आलं नाही.

पुढे ती मेकॅनिकल इंजिनिअर झाली, वंगणात एमटेक केलं, आणि आता जुरॉंगला एका वंगण तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला आहे. दोन धातू तेलात एकमेकांवर दाबून फिरवायचे आणि मधला तेलाचा पापुद्रा कधी फाटतो ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. म्हणजे घासणं आणि झिजणं या विषयात अख्ख्या ओळखीपाळखीत तिच्याइतकं कळणारं दुसरं कोणी नाही. हे सगळ्यांना मान्यही आहे. पार्टीत सगळे कौतुकाने सांगतात, ‘आमची संजू तेलावर पीएचडी करू शकेल.’ फक्त तिचं ऐकायची वेळ आली, की सगळ्यांना दुसरं काहीतरी आठवतं.

आता गाडीची गोष्ट.

गाडी निशिकांतकाका पाटणकरांची. म्हणजे कागदावर त्यांची, पण घेतली तीन घरांनी मिळून: काका आणि नीताकाकू, मित्रमंडळींतले रुचिर आणि गार्गी, आणि संजीवनी आणि तिचा नवरा अमेय. काका ईस्ट कोस्टला कॉंडोत राहतात, फायनान्समधून निवृत्त झालेत, आणि त्यांना सिंगापुरातल्या मराठी लोकांत मोठा मान आहे. नवीन आलेल्याला फ्लॅट मिळवून देण्यापासून गणपतीत कोणी कुठे उभं राहायचं इथपर्यंत सगळं काका ठरवतात. गाडी सत्तरच्या दशकातली, ऑस्ट्रेलियात बनलेली, दोन दारांची, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची व्ही-एट. अमेरिकन मसल कारची चुलतबहीणच, पण स्टिअरिंग उजवीकडे. क्लासिक म्हणून नोंदणी असल्यामुळे ती वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर काढता येते. पण ते मोजके दिवस काका सिग्नलला थांबले की शेजारच्या बसमधले लोक फोन काढतात, आणि काकांना तेवढंच हवं असतं.

इंजिन धूर टाकायला लागलं म्हणून काकी बुकिट नावाच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ते उघडलं. मालक मिस्टर कोह. हात चांगला, पण त्यांची सगळी कारकीर्द टॅक्सी आणि व्हॅनमध्ये गेलेली. उघडल्यावर कळलं की आतला कॅमशाफ्ट पार झिजलाय. नवा घ्यायचा, पण कुठला? मिस्टर कोह संजीवनीकडे बघून म्हणाले, “यू इंजिनिअर, यू चूज लाह. आय फिट.”

संजीवनीला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी तिने त्यांच्यासाठी स्वतः जाऊन कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणली.

पण घरी पोचेपर्यंत रुचिरने गाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान टाकलं होतं. ‘कोणता कॅम? एक: रेस कॅम,’ आणि पुढे आगीचं चित्र. ‘दोन: साधा कॅम,’ आणि पुढे कासवाचं. रेस कॅमला चार मतं पडली होती. त्यात एक नीताकाकूंचं होतं. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अगं, मला वाटलं गाडीवर कुठलं चित्र काढायचं ते विचारतायत. कासव कशाला काढायचं?”

साध्या कॅमला एक मत होतं, संजीवनीचं स्वतःचं. अमेयने मतच दिलं नव्हतं.

“मी मीटिंगमध्ये होतो गं,” अमेय म्हणाला.

“मीटिंग संपून तास झाला.”

“मग आता देऊन काय उपयोग? निकाल तर लागला.”

“कॅमशाफ्ट मतदानाने निवडतात होय रे?” संजीवनी ओरडली. “उद्या डॉक्टरकडे गेलास की वॉर्डात हात वर करायला लाव, ॲपेंडिक्स काढायचं का मूत्रपिंड!”

रविवारी सगळे काकांकडे जमले. संजीवनीने सोबत जुना कॅम आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळून. तो तिने काकूंच्या काचेच्या टीपॉयवर ठेवला. हातभर लांब दांडा, त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे.

“हे बघा,” ती म्हणाली. “हा दांडा इंजिनात फिरतो. उंचवटा वर आला की त्यावर टेकलेला टॅपेट वर ढकलला जातो. टॅपेट दांडीला ढकलतो, दांडी व्हॉल्व्ह उघडते. व्हॉल्व्ह किती उघडायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे सगळं या उंचवट्याच्या आकारात लिहिलेलं असतं. इंजिनाचा स्वभाव इथे ठरतो. रुचिरला हवाय त्या रेस कॅममध्ये व्हॉल्व्ह फार वेळ उघडा राहतो. इंजिन जोरात फिरतं तेव्हा ते छानच. पण हळू चालताना आत घेतलेला श्वास परत बाहेर जातो, म्हणून ते धडधडतं.”

“तीच तर मजा आहे!” रुचिर म्हणाला. “सिग्नलला उभी राहिली की अख्खी गाडी हलते.”

“हलते, कारण इंजिनाला धाप लागलेली असते. सिंगापुरात तू ते जोरात फिरवणार कुठे? एक्स्प्रेसवेवर नव्वदचा नियम आहे, बाकी सगळा वेळ सिग्नल आणि ट्रॅफिक. आणि दुसरं. या गाडीचे ब्रेक इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतात. त्या कॅमने हळू चालताना व्हॅक्यूमच तयार होत नाही.”

नीताकाकू किचनमधून बाहेर आल्या. “म्हणजे ब्रेक लागणार नाहीत?”

“लागतील काकू. पण अंगातला सगळा जोर घालून दाबावे लागतील.”

“माझं मत बदला,” काकू म्हणाल्या. “कासव तर कासव.”

ब्रेकचं ऐकून काकाही वळले आणि साधा कॅम ठरला. रुचिर थोडा फुरंगटला, पण काकूंच्या बटाटेवड्यांपुढे फार टिकला नाही. प्रश्न राहिला टॅपेटचा. टॅपेट दोन जातीचे असतात. एकाच्या तळाला छोटं चाक असतं, ते कॅमवर गोल फिरतं, त्याला रोलर म्हणतात. दुसऱ्याचा तळ सपाट असतो, तो कॅमवर घासत चालतो. संजीवनीचं मत स्पष्ट होतं.

“काका, खर्च जास्त आहे, थोडे बदलही करावे लागतील, पण रोलर घालूया. घासण्याचा प्रश्नच मिटतो.”

“अजिबात नाही,” काका म्हणाले. “क्लासिक गाडीत ओरिजिनल म्हणजे ओरिजिनल. कारखान्यातून सपाट आले ना? मग सपाटच. उद्या प्रदर्शनात कोणी विचारलं तर काय सांगू, आत नवं चाक बसवलंय म्हणून?”

“आत बघणार कोण आहे काका?”

“मला माहीत असेल ना!”

हे उत्तर तिला मनातून आवडलं. आप्पाही असंच म्हणाले असते. ती म्हणाली, “ठीक आहे, सपाट घेऊ. तेलाच्या दाबाने आपोआप ॲडजस्ट होणारे घेऊ, म्हणजे सारखं गॅप बघायला नको. पण मग माझी एक अट आहे. एकच.”

आणि तिने अट सांगितली. नवा कॅम आणि नवे सपाट टॅपेट एकमेकांची ओळख करून घेतात ती पहिल्या वीस मिनिटांत. टॅपेटचा तळ दिसायला सपाट असतो, पण खरं तर किंचित फुगीर असतो, आणि कॅमचा उंचवटा किंचित तिरका, म्हणजे टॅपेट स्वतःभोवती फिरत राहतो आणि झीज सगळीकडे सारखी होते. पण सुरुवातीला दोघांचे पृष्ठभाग खरखरीत असतात. त्यांच्यावर तेल उडतं ते खालच्या क्रॅंकने उडवलेल्या शिंतोड्यांतून. इंजिन हळू चाललं तर शिंतोडे कमी, आणि स्प्रिंगचा सगळा भार कॅमच्या टोकावर. म्हणून पहिल्यांदा चालू केलं की ताबडतोब मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर रेस द्यायची आणि वीस मिनिटं खाली येऊ द्यायची नाही. आयडलवर, म्हणजे नुसतं संथ गुरगुरत, आणायचं नाही. मध्ये बंद-चालू खेळायचं नाही.

“हे मोडलं तर कॅम गेला,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी.”

काकांनी मान डोलावली. तिने तेच ग्रुपवरही लिहिलं. काकांनी अंगठा पाठवला.

नवे भाग बसले. पहिल्यांदा इंजिन चालू करायचा शनिवार ठरला, आणि संजीवनी वर्कशॉपमध्ये पोचली तेव्हा तिथे नीताकाकू, गार्गी आणि मराठी मंडळातल्या चार बायका जरीच्या साड्या नेसून उभ्या होत्या. बोनेटवर हार. टायरखाली लिंबं. मिस्टर कोहच्या टूलबॉक्सवर पूजेचं ताट, त्यात निरांजन, हळद-कुंकू, पेढे. मिस्टर कोह कोपऱ्यात उभे राहून फायर एक्स्टिंग्विशर कुठे आहे ते बघत होते.

“पूजा आधी उरकून घ्या काका,” संजीवनी म्हणाली. “मग इंजिन चालू करू.”

“अगं, मुहूर्त इंजिन चालू करण्याचाच काढलाय. इंजिन चालू झालं पाहिजे आणि मग त्याची आरती. बंद इंजिनाची कसली आरती?”

“काका, इंजिन चालू झालं की वीस मिनिटं...”

“हो गं, माहितीये. चालू दे की वीस मिनिटं. आम्ही कुठे अडवतोय?”

अमेय ड्रायव्हरच्या सीटवर बसला. संजीवनी उघडलेल्या बोनेटपाशी उभी राहिली, एक डोळा टायमिंगवर, एक डोळा तेलाच्या दाबावर. तिने हात वर केला, अमेयने चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्याला पेटलं. अमेयने रेस दिली. दोन हजार, दोन हजार दोनशे. काय आवाज होता! पत्र्याचं शटर थरथरायला लागलं. संजीवनीला वाटलं, कोल्हापूरपर्यंत ऐकू जाईल. क्षणभर ती सगळं विसरून हसली.

बायकांनी आरती सुरू केली. म्हणजे त्यांची तोंडं हलताना दिसली, एवढंच. टाळ्या वाजत होत्या, पण त्याही ऐकू येत नव्हत्या. काका कपाळाला आठ्या घालून इकडेतिकडे बघत होते. मग ते ड्रायव्हरच्या खिडकीपाशी गेले, वाकले आणि हाताने खाली-खाली अशी खूण केली.

“हळू कर! आरती ऐकू येत नाही!”

अमेयने संजीवनीकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. आणि पाय काढला.

इंजिन खाली आलं. आठशे, सातशे. गुरगुरायला लागलं, शांतपणे, एखाद्या झोपलेल्या मांजरासारखं. आरतीचे शब्द एकदम स्पष्ट ऐकू आले आणि सगळ्यांचे चेहरे उजळले.

“अमेय! रेस दे!” संजीवनी ओरडली.

“एक मिनिट गं,” गार्गी म्हणाली. “आरती चाललीये.”

“आरती चालू दे, पण कॅम मरतोय आत! अमेय!”

अमेयचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि तो समोर बघत होता, जणू गाडी रस्त्यावरून चालली होती. संजीवनीने पुढचं काही ठरवून केलं नाही. ती इंजिनावर वाकली, कार्बोरेटरचा दांडा हाताने धरला आणि ओढला. इंजिन गरजलं. रेडिएटरच्या पंख्याने समोरची हवा एकदम आत ओढली, आणि गाडीच्या नाकासमोर ताट घेऊन उभ्या असलेल्या नीताकाकूंच्या हातातलं निरांजन विझलं.

आरती थांबली. कोणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. काकांनी खिडकीतून हात आत घातला आणि चावी फिरवली. सगळं शांत.

“काय करतेस तू हे?” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला. “शुभकार्यात असं करतात?”

“काका, मी सांगितलं होतं. लिहिलंही होतं.”

“दोन मिनिटांनी काही होत नाही. लोखंड आहे ते, लोणी नाही.”

निरांजन पुन्हा लावलं. इंजिन पुन्हा चालू केलं, मुहूर्त साधायचा म्हणून, आणि पुन्हा हळू चालू ठेवून आरती पहिल्यापासून म्हटली. फोटो निघाले. मग पुढची वीस मिनिटं हवी तेवढी रेस द्यायला तिला परवानगी मिळाली. तिने दिली, पण तिला आतून माहीत होतं, की हे आता दूध उतू गेल्यावर गॅस बंद करण्यासारखं आहे.

पुढच्या दोन फेऱ्यांतच इंजिनातून टक-टक यायला लागली. मग मिसिंग सुरू झालं, इंजिन मध्येच अडखळायला लागलं, आणि एकदा ईस्ट कोस्टच्या सिग्नलला कार्बोरेटरमधून असा बार उडाला, की शेजारचा सायकलवाला फुटपाथवर चढला. संजीवनीने तेल काढलं. त्यात बारीक चांदीसारखी चमक होती. दुसऱ्या कोणी ती बघून ‘किती छान’ म्हटलं असतं. तिला दिसलं, की तो कॅमचा चुरा आहे.

आणि ग्रुपवर काय सुरू झालं? रुचिरने लिहिलं, ‘रेस कॅम घेतला असता तर?’ गार्गीने लिहिलं, ‘मला त्या दिवशी दिवा विझला तेव्हाच वाटलं होतं.’ काकांनी लिहिलं, ‘सपाट टॅपेट ही निवडच चुकली. माझ्या ओळखीचे एक तज्ज्ञ म्हणतात, आजकाल सगळे रोलरच घालतात. यापुढे योग्य माणसाचा सल्ला घेऊ.’

संजीवनीने ते तीनदा वाचलं. योग्य माणसाचा! रोलर कोणी सुचवला होता? ओरिजिनल-ओरिजिनल कोण करत होतं? तिने उत्तर लिहायला घेतलं आणि रागाच्या भरात इतक्या चुका झाल्या, की तिला स्वतःचंच टायपिंग वाचता येईना. तिने फोन सोफ्यावर फेकला.

“अमेय, तू लिही.”

“काय लिहू?”

“काय झालं ते.”

अमेय किचनमध्ये गेला आणि भांडी घासायला लागला. त्यांच्या घरात ही एक पद्धतच आहे. वाद आला की तो भांडी घासतो, आणि भांडी खरोखर चकचकीत होतात.

शनिवारी तिने मिस्टर कोहबरोबर इंजिन उघडलं, आणि रविवारी ती सोळा टॅपेट एका डब्यात भरून काकांकडे घेऊन गेली. सगळे जमले होते. ती टीपॉयवर एकेक टॅपेट उलटा उभा करत गेली. चांगल्यांचे तळ आरशासारखे होते. सहांचे तळ मात्र आत खचले होते, नखाने चाचपलं तरी खळगा लागत होता, कडेने खरवडल्याच्या गोल रेघा.

“हे पहिल्या दहा मिनिटांत झालंय,” ती म्हणाली.

“कशावरून?” काका म्हणाले. “माल निकृष्ट असू शकतो. आणि खरं सांगू का, त्या दिवशी आपण इंजिन फार हळू केलंच नव्हतं. किती आवाज होता!”

“काकू, तुमचा आरतीचा व्हिडिओ द्या.”

मंडळातल्या एकीने त्यांच्याच फोनवर काढलेला तो व्हिडिओ काकूंनी पुढे केला. संजीवनीने आपल्या फोनवर आवाजाची कंपनं मोजणारं ॲप उघडलं, ऑफिसात मोटारी तपासायला ती तेच वापरते, आणि व्हिडिओ लावला. टाळ्या, आरती, आणि खाली इंजिनाची गुरगुर. पडद्यावर एक उंच रेघ उभी राहिली.

“आठ सिलिंडरचं इंजिन एका फेऱ्यात चारदा पेटतं. ही रेघ सेकंदाला सत्तेचाळीसवर आहे. म्हणजे मिनिटाला सातशे फेरे. आरती संपेपर्यंत सातशेच. दोन्ही वेळा.”

मग काका म्हणाले, “म्हणजे तू आरतीचं मोजमाप काढलंस?”

“इंजिनाचं काढलं काका. आरतीचं नाही.”

“अगं, देवाधर्माच्या गोष्टीत हिशेब मांडणं बरं दिसत नाही.” काकांनी मान वळवली. “अमेय, गाडीत तू होतास. तू सांग. मी तुला पाय काढ म्हणालो?”

संजीवनीने अमेयकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तिला त्या क्षणी टॅपेट नको होते, रेघ नको होती. एक वाक्य हवं होतं.

“म्हणजे... आरती चालू होती ना काका,” अमेय म्हणाला. “तसं कोणी मुद्दाम असं काही...”

काका समाधानाने मागे टेकले. संजीवनीने टॅपेट एकेक करून डब्यात भरले, चपला घातल्या आणि निघाली. अमेय मागोमाग. बसमध्ये आणि पुढे एमआरटीच्या ट्रेनमध्ये ती डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत होती. बिशानला उतरून एस्कलेटरवर उभे राहिल्यावर अमेय खालच्या पायरीवरून म्हणाला, “मीच काढला ना पाय. मला माहितीये.”

ती गर्रकन वळली. “मला काय सांगतोस? मी बघत होते की तिथं! मला ठाऊक नाही व्हय?”

“काका वयाने मोठे आहेत. त्यांनी आपल्याला फ्लॅट बघून दिला, सगळं...”

“म्हणून मी खोटी पडायचं? फ्लॅट तुला बघून दिला आणि किंमत मी द्यायची? तुला काकांचं मन मोडवत नाही, आणि माझं?”

एस्कलेटर संपला तरी ते दोघं तिथेच उभे, आणि मागून येणाऱ्या एका आजींनी ‘एक्स्क्यूज मी, एक्स्क्यूज मी’ करत त्यांना बाजूला केलं.

“काय करू सांग,” अमेय म्हणाला.

“मला विचारू नकोस. तुला माहीत आहे.”

तो स्टेशनच्या भिंतीशी उभा राहिला आणि फोन काढला. बराच वेळ लिहीत होता, खोडत होता. ती पाठ करून उभी होती. मग तिच्या पर्समध्ये फोन वाजला. ग्रुपवर अमेयचा मेसेज होता. ‘पाय मी काढला. काकांनी हळू कर म्हटलं म्हणून काढला. संजीवनीने आधीच सांगितलं होतं की असं करायचं नाही, आणि तेव्हाही ती ओरडून सांगत होती. कॅमची निवड बरोबर होती. चूक आमची दोघांची आहे. मघाशी बोलायला हवं होतं.’

काकांचं उत्तर लगेच आलं. जोडलेल्या हातांचं चित्र. एवढंच. शब्द एकही नाही. संजीवनीने ते चित्र किती तरी वेळ बघितलं. नमस्कार होता, माफी होती, की विषय संपला असं होतं, त्यातून काही कळेना, आणि काकांना तसंच हवं असणार.

पण दुसऱ्या दिवशी रुचिरने लिहिलं, ‘मग तोच कॅम पुन्हा मागवू. तेच टॅपेट. संजू म्हणेल तसं.’ काकूंनी लिहिलं, ‘हो.’ काका म्हणाले, ‘तरुण मंडळींनी ठरवावं.’

संजीवनीने मुद्दाम तोच कॅम मागवला. रोलर घेता आला असता, आता काकांनीही अडवलं नसतं. पण तिला तोच हवा होता, त्याच मापाचा, त्याच सपाट टॅपेटचा. इंजिनाचं पोट धुऊन, तेलाची प्रत्येक वाट साफ करून, प्रत्येक उंचवट्याला बोटाने वंगण चोपडून तिने तो बसवून घेतला. मिस्टर कोह एकदाच म्हणाले, “दिस टाइम नो पार्टी, कॅन?”

“नो पार्टी,” ती म्हणाली.

मंगळवारी सकाळी तिने रजा टाकली. ग्रुपवर काही लिहिलं नाही. अमेयनेही रजा टाकली होती. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर तो ड्रायव्हरच्या दाराकडे वळला आणि थांबला.

“मी बसू?”

“नाही. तू पाणी गळतंय का बघ.”

ती स्वतः बसली. चावी फिरवली. इंजिन पेटलं, तिने पाय दाबला, आणि काटा दोन हजारांवर नेऊन थोडा वर, थोडा खाली असा खेळवत ठेवला. वीस मिनिटं पाय एका जागी ठेवणं सोपं नसतं. पोटरीत गोळा आला. घाम डोळ्यांत गेला. शटर थरथरत होतं, शेजारच्या वर्कशॉपमधला माणूस येऊन कानांवर हात ठेवून काहीतरी ओरडून गेला, आणि अमेय रेडिएटरपाशी पाइप धरून उभा होता, एकदाही तिला हळू कर म्हणाला नाही. वेळ संपली तेव्हा तिने पाय हळूहळू उचलला. इंजिन सातशेवर येऊन असं बसलं, जसं काही कायम तिथेच होतं. ना टक-टक, ना मिसिंग. फिल्टर काढून कापला, आतला कागद उन्हात पसरला. काळं, स्वच्छ तेल. चमक कुठेच नव्हती.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मिस्टर कोहनी सांगितलं असावं.

“आम्हाला न बोलावताच चालू केलंस?”

“हो काका.”

“पूजा न करता?”

“आता करा ना पूजा. आता हवी तेवढी मोठी आरती म्हणा. हळू चाललं तरी त्याला काही होणार नाही.”

काकांनी पलीकडे काकूंना काहीतरी विचारलं. मग म्हणाले, “रविवारी पार्कात आणू गाडी. सगळ्यांना बघू दे.”

रविवारी ईस्ट कोस्टच्या कार पार्कमध्ये गाडीभोवती घोळका जमला. मंडळात नवीन आलेले चारुदत्त साने नावाचे एक गृहस्थ होते, त्यांना जुन्या गाड्यांचा खरा नाद. ते डोळे मिटून इंजिन ऐकत उभे राहिले, मग म्हणाले, “काय सुंदर चाललंय हो! इतकं सौम्य, तरी दमदार. कॅम कोणी निवडला?”

“आम्ही सगळ्यांनी बसून,” काका बोनेटवर हात ठेवून म्हणाले. “फार विचार केला. माझं म्हणणं पहिल्यापासून...”

उद्यमनगरातलं ते गिऱ्हाईक, आप्पांची वाट बघत बाकावर बसलेलं, संजीवनीला लख्ख दिसलं. ती काहीतरी बोलणार, तेवढ्यात शेजारून अमेयचा आवाज आला.

“आम्ही नाही. संजीवनीने. एकटीने.”

अमेय काकांकडे बघत नव्हता, पण शब्द स्पष्ट होते. काकांचा हात बोनेटवरून खाली आला. चारुदत्त सान्यांनी वळून संजीवनीकडे बघितलं आणि अगदी सहज विचारलं, “मग टॅपेट कुठले घातलेत हो तुम्ही? सपाट की रोलर?”

संजीवनीने एकदा काकांकडे बघितलं. राग गेला नव्हता. जायची तिला घाईही नव्हती.

“सपाट,” ती म्हणाली. “या इकडे, बोनेटपाशी. का घातले ते सांगते.”